नवा संगणक वारंवार बंद पडतोय? ‘फॉरमॅट मारा’ हे निदान नव्हे

हौसेने एकेक भाग निवडून नवा डेस्कटॉप जुळवून घेतला जातो. आठवडाभर तो झकास चालतो आणि मग एखादा अर्ज भरताना, व्हिडीओ जोडताना किंवा खेळ रंगात आलेला असताना पडदा एकदम काळा होतो. दुकानात फोन केला की ठरलेले उत्तर मिळते, ‘घेऊन या, फॉरमॅट मारून बघू.’ फॉरमॅट होते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मग रॅम बदलली जाते, एसएमपीएस बदलला जातो, शेवटी ‘मदरबोर्डच गेला असेल’ इथवर गाडी येते. वेळ जातो, पैसे जातात, साठवलेली माहितीही जाते. बिघाड मात्र जागेवरच असतो.

यात दोष नेहमी यंत्राचा नसतो, अनेकदा तो तपासण्याच्या पद्धतीचा असतो. वारंवार बंद पडणाऱ्या नव्या संगणकाचे निदान करता येते, त्यातला बराचसा भाग घरबसल्या करता येतो आणि उरलेला भाग करून देणे ही यंत्र जुळवून विकणाऱ्याची जबाबदारी आहे. ही जबाबदारी आज सर्रास ग्राहकावर ढकलली जाते.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न मोठा का?

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या गावात वाटले गेले, ते टेंभली नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे. त्यानंतरच्या वर्षांत दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा, प्रवेशप्रक्रिया असे एकेक काम संगणकावर गेले. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. सेवा केंद्रातला संगणक त्याच दिवशी तीनदा बंद पडला, तर दुसरा रोजही बुडतो. अर्जाची शेवटची तारीख यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही.

दुसरी अडचण अंतराची. सुटे भाग ऑनलाइन येतात किंवा सुरत, नाशिककडून आणले जातात. वॉरंटीतला भाग परत पाठवायचा तर कुरिअर, प्रतीक्षा आणि तोवर बंद यंत्र, असा हिशेब असतो. चुकीचा भाग पाठवला, तर तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. म्हणून मोठ्या शहरातल्या ग्राहकापेक्षा इथल्या ग्राहकाला अचूक निदानाची गरज अधिक आहे. त्यातच २०२५च्या अखेरीस जगभर रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. अंदाजाने रॅम बदलून पाहणे आता परवडणारेही राहिलेले नाही.

पहिला क्रॅश सोडून का देऊ नये?

‘एकदा झालं, पुन्हा नाही होणार’ ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आठ महिन्यांच्या काळात किमान ३० दिवस प्रत्यक्ष चाललेल्या यंत्रांमध्ये प्रोसेसरशी संबंधित दोषामुळे क्रॅश होण्याची शक्यता १९० मध्ये एक इतकी होती. मात्र एकदा असा क्रॅश झालेल्या यंत्रात तो पुन्हा होण्याची शक्यता थेट सुमारे ३ मध्ये एक निघाली. हार्डवेअरचा दोष सहसा एकदा येऊन जात नाही, तो मुक्काम ठोकतो.

त्यामुळे पहिल्या क्रॅशपासूनच नोंद ठेवावी. तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होते, खोलीतला दिवा लुकलुकला का, पडद्यावर कोणता मजकूर दिसला. मोबाइलवर फोटो काढला तरी पुरे. दहा दिवसांची अशी नोंद दुकानातल्या दोन तासांच्या चाचपडण्यापेक्षा अधिक सांगून जाते.

आधी लक्षण, मग उपाय

सगळे ‘बंद पडणे’ सारखे नसते. ढोबळमानाने त्याचे तीन प्रकार पडतात. पहिला, काहीही सूचना न देता यंत्र खाडकन बंद होणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होणे. इथे संशय वीजपुरवठा, एसएमपीएस, सैल जोडणी किंवा अति उष्णता यांवर जातो. दुसरा, त्रुटीचा मजकूर असलेला पडदा दिसणे. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता, विंडोज ११च्या २०२५ मधील सुधारणेनंतर तो काळा झाला आहे. इथे रॅम, ड्रायव्हर, प्रोसेसर किंवा साठवणुकीची एसएसडी यांकडे पाहावे लागते. तिसरा प्रकार म्हणजे विंडोज चालू राहते, पण एखादाच खेळ किंवा एखादेच सॉफ्टवेअर बंद पडते. इथे आधी ते सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा.

विंडोज स्वतःची रोजनिशी लिहीत असते. स्टार्टच्या शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ असा इंग्रजी शब्द टाकला, की दिवसवार बिघाडांचा तक्ता उघडतो. अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तिथे ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद दिसली, की अनेक जण एसएमपीएसच्या नावाने बोटे मोडतात. प्रत्यक्षात या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नाही. कारण ती सांगत नाही. त्या नोंदीतला ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला चूक टिपायलाही उसंत मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र पूर्ण गोठले, असे समजावे. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर तो तपासाचा धागा. फॉरमॅट केल्यावर ही सारी रोजनिशी पुसली जाते. थोडक्यात, निदानाआधीचे फॉरमॅट म्हणजे पंचनाम्याआधी घटनास्थळ धुऊन काढणे.

पहिला संशय विजेवर

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो, पण एकाच रोहित्रावर शेतीपंप आणि घरे असतील, तर पंप सुरू होताना दाब क्षणभर घसरतो. चांगला एसएमपीएस असा झटका पचवतो. आपल्याकडे वीज दर सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. पुरवठा तुटल्यावर एसएमपीएस पूर्ण भाराखाली साधारण तेवढाच किंवा थोडा कमी वेळ तग धरतो. तेवढ्या वेळात यूपीएसने सूत्रे हाती घेतली नाहीत, तर संगणक बंद पडणारच.

इथे दोन चुका नेहमी होतात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अशा लहान यूपीएसची क्षमता बहुतेक वेळा ३६० वॅटच्या आसपास असते. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक भराच्या वेळी त्याहून अधिक वीज ओढू शकतो. मग वीज गेली, की यूपीएस असूनही यंत्र बंद पडते. दुसरी चूक घरच्या इन्व्हर्टरची. त्याच्या मागे बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. ‘नॉर्मल’वर असताना इन्व्हर्टर सावकाश वळतो. पंखा-दिव्याला ते चालते, संगणकाला नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा ते निकामी आहे, असे समजून आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. हा प्रश्न संगणकापुरता नाही, जिवाचा आहे. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार साठून राहतो.

यानंतर जोडण्या पाहाव्यात. मदरबोर्डची २४ पिनांची आणि प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी ‘खट’ आवाज येईपर्यंत बसलेली असावी. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला एकाच केबलचे दोन फाटे न देता दोन स्वतंत्र केबल द्याव्यात. वेगळ्या होणाऱ्या केबलचा एसएमपीएस असेल, तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला चुकूनही लावू नयेत. टोक सारखे दिसले तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळू शकतात.

उन्हाळा आणि धूळ

एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबारचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. पंख्याच्या हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली २५ अंशांऐवजी ४२ अंशांवर असेल, तर आतले तापमानही साधारण तेवढ्याच, म्हणजे सतराएक अंशांनी वर सरकते. डिसेंबरात सुरळीत चाललेले यंत्र एप्रिलमध्ये का कोलमडते, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

आजचे डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद करतात. तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरवर दहा-पंधरा मिनिटे भार द्यावा. पहिल्याच मिनिटात पारा टोकाला गेला, तर कूलर नीट बसलेला नाही, थर्मल पेस्ट पसरलेली नाही किंवा कूलरच्या बुडाचे प्लास्टिकचे आवरण काढायचेच राहिले आहे, या शक्यता आधी पाहाव्यात. शेवटची चूक ऐकायला हास्यास्पद वाटते, पण नव्या जुळणीत ती घडते.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये, भिंतीपासून निदान अर्धा फूट दूर ठेवावे. पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचे बाहेर टाकणारे आहेत ना, हे पाहावे. नंदुरबार मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. मिरचीच्या पथाऱ्यांची, शेताची किंवा रस्त्याची धूळ जिथे आत येते, तिथे महिन्याकाठी जाळ्या साफ करायला हव्यात.

रॅम: खोक्यावरचा वेग आणि खरा वेग

नव्या जुळणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा संशयित म्हणजे रॅम. डीडीआर ५ रॅमच्या खोक्यावर ६००० असा वेग छापलेला असला, तरी मूळ प्रमाणित वेग अनेकदा ४८०० असतो. वरचा वेग ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ ही सोय बायोसमध्ये चालू केल्यावर मिळतो. हा वेग प्रत्येक प्रोसेसर आणि प्रत्येक मदरबोर्ड पेलेलच, याची हमी नसते. म्हणून वारंवार क्रॅश होणाऱ्या यंत्रात पहिली बिनखर्चाची चाचणी म्हणजे ही सोय बंद करणे. त्यानंतर यंत्र स्थिर झाले, तर धागा सापडला. पुढे बायोस अद्ययावत करून किंवा वेग एक पायरी खाली ठेवून काम भागते. वेगातला हा फरक रोजच्या कामात जाणवतही नाही.

त्यानंतर ‘मेमटेस्ट ८६’ हे मोफत साधन पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावे. इथे निकष कडक आहे. एकही चूक खपवून घ्यायची नाही. चूक आढळली तर एकेक रॅमपट्टी एकटी लावून पुन्हा तपासावी. दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक चार खाचांच्या मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. खात्री पुस्तिकेतून करावी. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांची जोडी, नाव एकच असले तरी, जुळेलच असे नाही.

एक सूचना उलट बाजूचीही. डीडीआर ५ रॅम असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीची जुळवाजुळव करते आणि काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळी घाबरून बटण दाबत राहू नये.

दोष नेहमी घरातच नसतो

वापरणाऱ्याने सारे नीट केले, तरी यंत्र कोलमडू शकते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वारंवार क्रॅश होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कित्येक महिने ग्राहक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्ड बदलत राहिले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याच्या मुळाशी मायक्रोकोडमधील चूक होती. ऑगस्टपासून दुरुस्ती बायोसच्या अद्ययावत आवृत्त्यांतून आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अशा दुरुस्तीने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या पिढीतला प्रोसेसर असलेल्यांनी बायोस अद्ययावत आहे का, हे आजही तपासावे. बायोस बदलताना वीज जाणार नाही याची तजवीज करावी, कारण मध्येच पुरवठा तुटला तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

त्याच जुलै महिन्याच्या १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी केली. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत निळे पडदे झळकले आणि त्या यंत्रांतला एकही भाग खराब नव्हता. एका प्रकरणात सॉफ्टवेअरवरचा संशय व्यर्थ होता, दुसऱ्यात हार्डवेअरवरचा. पडदा निळा झाला म्हणजे अमुकच बिघाड, असे म्हणता येत नाही, ते यासाठीच.

एका वेळी एकच बदल

तपासणीचा क्रम खर्चाच्या चढत्या क्रमाने असावा. आधी नोंदी वाचाव्यात. मग वीज आणि जोडण्या पाहाव्यात. मग तापमान, मग रॅमची वेगसोय बंद, मग रॅमची रात्रभर चाचणी, त्यानंतर बायोस आणि ड्रायव्हर. एवढे झाल्यावरही क्रॅश थांबला नाही, तरच भाग बदलून पाहण्याची पाळी येते. तोही विकत घेऊन नव्हे, दुकानातला किंवा मित्राकडचा चालू भाग तात्पुरता लावून. फॉरमॅट या यादीत शेवटून पहिले.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे एका वेळी एकच बदल करणे आणि त्यानंतर यंत्र पुरेसे चालवून पाहणे. रॅम, बायोस आणि ड्रायव्हर एकाच दुपारी बदलले आणि क्रॅश थांबला, तर नेमके कशाने थांबला हे कधीच कळत नाही. दिवसातून दोनदा होणारा क्रॅश दोन दिवस झाला नाही, तर निष्कर्ष काढता येतो. आठवड्यातून एकदा होणाऱ्यासाठी किमान तीन आठवडे वाट पाहावी लागते.

जबाबदारी कोणाची?

एवढी यादी वाचून प्रश्न पडेल, की हे सारे ग्राहकाने का करावे? प्रश्न रास्त आहे. जुळवलेला संगणक विकणारा केवळ भाग विकत नाही, ते भाग एकत्र चालतात असा विश्वास विकतो. यंत्र ताब्यात देण्यापूर्वी रात्रभर रॅमची चाचणी, तासभर पूर्ण भाराची चाचणी आणि त्या वेळच्या तापमानाची नोंद, एवढे करायला वेगळे भांडवल लागत नाही. एक रात्र लागते.

लहान दुकानदारांची बाजूही समजून घ्यायला हवी. ग्राहक ऑनलाइन किंमत दाखवून घासाघीस करतो, निम्मे भाग स्वतः आणून देतो, सायंकाळी पाच वाजता यंत्र हातात मागतो आणि बिघाडाचा दोष मात्र जुळवणाऱ्यावर येतो. नफा तुटपुंजा असताना चाचणीची रात्र फुकट कोण देणार? म्हणून तिचे वेगळे शुल्क उघडपणे लावावे आणि ग्राहकाने ते खळखळ न करता द्यावे. पुढच्या दोन सुरत फेऱ्यांपेक्षा ते स्वस्तच पडेल. मात्र शुल्क घेतले, तर चाचणीचा निकाल कागदावर द्यायला हवा.

कायदाही ग्राहकाला वाऱ्यावर सोडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी यंत्र घेतलेली व्यक्तीही या कायद्याने ग्राहक ठरते, त्यामुळे सेवा केंद्र किंवा फोटो स्टुडिओ स्वतः चालवणाऱ्याला दाद मागता येते. तक्रार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेता सुरतचा असो वा दिल्लीचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

या सगळ्याचा पाया मात्र कागद आहे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि क्रॅशची तारीखवार नोंद या दोन गोष्टी हाती असतील, तर दुकानदार, कंपनी आणि आयोग या तिघांपुढेही बाजू भक्कम राहते. सहाशे रुपये वाचतात म्हणून बिलाशिवाय घेतलेला प्रोसेसर वॉरंटीच्या वेळी अनाथ ठरतो.

नवे यंत्र घेताना वेगाचे आकडे विचारले जातात, पेटीतल्या रंगीत दिव्यांची चौकशी होते. यापुढे नंदुरबार, शहादा किंवा नवापूरच्या दुकानात शिरणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा, ‘रात्रभर चालवून पाहिला का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर कागद मागावा. ‘नाही’ असेल, तर एक दिवस थांबून यंत्र उद्या न्यावे.